भिंगातली खोट

येडशीत लिंगायताच्या घरी कुणी वारलं की महांतप्पा फोटोवाले बोलावण्याची वाट बघत नसत. या समाजात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवून भिंतीला टेकवून बसवतात आणि बसलेलंच मातीत उतरवतात. महांतप्पा त्या बसलेल्या माणसापुढं गुडघे टेकायचे, नमस्कार करायचे आणि मग उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या नाकापुढं धरून कितीतरी वेळ तसेच राहायचे. विधी करणारे जंगम अय्या खाकरायचे, मागं पोरंटोरं खुसखुसायची, तरी बोटं हलायची नाहीत. गाव म्हणायचं, म्हातारा भाविक आहे, पण जरा सरकलेला आहे.

या दोन बोटांची शिवप्रियाला लहानपणापासून धास्ती होती. ती महांतप्पांची एकुलती एक लेक. ती सात-आठ महिन्यांची असताना तिची आई, प्रेमाबाई, मण्यार चावून गेली. बापानं दुसरा संसार मांडला नाही. नवरा गेल्यामुळं माहेरी आलेली बहीण उमादेवी घरात होतीच, तिनं पोर वाढवली. दुपारचा डोळा लागावा, कशानं तरी जाग यावी आणि बघावं तर अप्पांची दोन बोटं आपल्या नाकापुढं, असं इतक्यांदा झालं होतं की झोपायचं म्हटलं की शिवप्रिया पांघरूण नाकावर ओढून घ्यायची. का, हे तिनं कधी विचारलं नाही. आमच्याकडं बाप विचारतो आणि लेक सांगते, उलटं होत नाही.

आता अप्पा पंचाहत्तरीला टेकले होते आणि त्यांच्या काळजाची झडप आवळत चालली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. ऑपरेशन केलं तर म्हातारा पुष्कळ जगेल, नाही केलं तर दिवाळी दिसेल याचा भरवसा नाही, असं त्यांनी सांगितलं. अप्पांनी एकच गोष्ट विचारली, भूल देणार का. द्यावीच लागेल, श्वाससुद्धा तेवढा वेळ मशीनच घेईल, असं उत्तर आलं. अप्पा उठले, चपला पायात सरकवल्या आणि गाडीत जाऊन बसले. त्यानंतर घरात ऑपरेशनाचं नाव काढलं की ते जेवण सोडून उठायला लागले.

उमादेवीनं पुण्याला फोन करून शिवप्रियाला बोलावलं. मध्येच अप्पांनी फोन हातात घेतला आणि येताना तुझा मोठा कॅमेरा आण, एवढंच सांगितलं. शिवप्रिया पुण्यात एका संग्रहालयात जुन्या चित्रांचे, पैठण्यांचे फोटो काढायचं काम करायची. शिवाय हौस म्हणून तिनं भात्याचा मोठा लाकडी कॅमेरा बाळगला होता, त्याच्यावर ती अजून फिल्मवर फोटो काढायची. अप्पांना शेवटचा फोटो काढून घ्यायचा असणार, असं वाटून वाटेत बार्शी सोडेपर्यंत तिला दोनदा गाडी कडेला घ्यावी लागली.

पण अप्पांना फोटो काढून घ्यायचा नव्हता. ती चहा पिते न पिते तोच त्यांनी ट्रंकेतून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून तिच्यापुढं ठेवली. ते त्यांचं जुनं भिंग होतं, दोन मुठींत जेमतेम मावेल असं जाड पितळी नळकांडं, दोन्ही टोकांना काच. निजामाच्या काळात हैदराबादेत कुणा फोटोग्राफरचं सामान लिलावात निघालं, तेव्हा शिवप्रियाच्या आजोबांनी ते आणलं होतं. त्याला शटर नव्हतं, तोंडावर चामड्याची टोपी होती. टोपी काढायची, मनात मोजायचं, टोपी लावायची. तेवढा वेळ पुढच्या माणसानं दगडासारखं बसायचं. म्हणून महांतप्पा टोपीला हात घालण्याआधी दरडावायचे, “हलायचं न्हाय.” येडशीच्या दोन पिढ्यांनी ते ऐकलं होतं. कल्याणप्पा किराणावाला तर आपल्या लग्नाच्या फोटोत जो ताठ झाला तो अजून सैल पडला नाही, असं लोक म्हणायचे.

अप्पांनी भिंगाकडं न बघता सांगितलं, “हे तपासून दे. खोट हाय का न्हाय, खरं सांग. मग म्या आपरेशनाचं सांगतो.”

शिवप्रियाला हायसं वाटलं. म्हाताऱ्याच्या डोक्यात काहीतरी खूळ आहे, ते पुरवलं की गाडी सोलापूरच्या रस्त्याला लागेल, असा तिनं हिशेब केला. शिवाय वस्तू बघून तिचे हात शिवशिवत होते. भिंगावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं. कडेला एक आकडा कोरलेला होता आणि त्याच्या आधीची दोन अक्षरं कुणीतरी पितळ घासता घासता पुसून टाकली होती. तिनं मोबाइलवर शोधलं, ओळखीच्या दोन जाणकारांना फोटो पाठवले, पण असलं भिंग कुणी पाहिलं नव्हतं. नाव गाव ठाऊक नसलेल्या माणसाला जसं कामाला लावूनच ओळखावं लागतं, तसंच हे होतं.

तिनं ते उजेडाकडं धरलं, मग एका बाजूनं बॅटरी मारून दुसऱ्या बाजूनं बघितलं. बुरशीचे धागे नव्हते, धुरकटपणा नव्हता, काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात तिथं पापुद्रा सुटलेला नव्हता. पुढच्या काचेत मात्र खालच्या अंगाला मोहरीएवढा एक फुगा होता, काच ओततानाच आत राहिलेला. मग तिनं भिंग कॅमेऱ्यावर बसवलं, सोप्यातल्या भिंतीवर चारी कोपऱ्यांत आणि मधोमध वर्तमानपत्राची पानं चिकटवली, काळं फडकं डोक्यावर घेऊन मागच्या दुधी काचेवर अक्षरं बारीक जुळवली आणि टोपी काढून फिल्म घेतली. न्हाणीत लाल दिवा लावून तिनं ती धुतली. अप्पा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि ट्रेमधल्या पाण्याचा आवाज आला की मान उचलत होते.

फिल्म वाळल्यावर शिवप्रियानं घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं भिंग लावून ती तपासली. तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. इतक्या जुन्या भिंगाच्या कडा सहसा ओघळलेल्या असतात. इथं कोपऱ्यातल्या पानावरच्या छोट्या जाहिरातींतले फोन नंबरसुद्धा वाचता येत होते. ती तशीच ओल्या हातांनी बाहेर आली आणि हसत हसत सांगायला लागली, की अप्पा, सोनं आहे हे, खोट नावाला नाही, आजकालची भिंगं याच्यापुढं पाणी भरतील.

अप्पांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. ते खुर्चीचा हात धरून म्हणाले, “आन तो फुगा? फुगा हाय ना त्यात.”

फुग्यानं काय होतंय, असं म्हणून तिनं त्यांना समजावलं, जसं ती संग्रहालयातल्या नव्या पोरांना समजावायची. भिंगावरचा डाग फोटोत डाग होऊन उमटत नाही. भिंगाचा कण न् कण मिळून सगळ्या फोटोला उजेड देतो. अर्धं भिंग बोटानं झाकलं तरी फोटो पुराच येतो, नुसता मंद होतो. उलट जुने काचवाले म्हणायचे, फुगा आहे म्हणजे काच चांगली आहे. हे सगळं ती मोठ्या उत्साहानं बोलत होती, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की अप्पा खुर्चीवरून उठलेत.

“मग न्हाय करायचं मला आपरेशन,” अप्पा म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले.

ते जेवले नाहीत. उमादेवीनं ताट दोनदा नेलं आणि दोनदा परत आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवप्रिया त्यांच्यापुढं जाऊन बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं बापाला प्रश्न विचारला, की भिंगात खोट का हवी. अप्पांनी उशाखालून काळ्या कागदात गुंडाळलेली एक काच काढली, तिच्या हातात दिली, आणि भिंतीकडंच बघत बोलायला लागले.

प्रेमा खाली सतरंजीवर झोपलेली. चावलेलं कळलंसुद्धा नाही, मण्यारीचा दात मुंगीसारखा. पहाटे पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, वैदू येऊन पाला वाटेपर्यंत श्वास थांबला. दुपारपर्यंत तिला सोप्यात बसवलं. लग्नातला सोडला तर तिचा एक फोटो नव्हता, म्हणून अप्पांनी कॅमेरा लावला. बाकी सगळे तोवर फिल्मवर गेले होते, पण त्यांच्याकडं काचेच्या जुन्या प्लेटांचा शेवटचा खोका होता, मंद आणि बराच वेळ मागणाऱ्या. त्यांनी चेहरा जुळवून घेतला, आत जाऊन प्लेट भरली, बाहेर येऊन कॅमेऱ्यात सरकवली. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, हलायचं न्हाय. टोपी काढली. तिच्याकडं बघवेना, म्हणून डोळे मिटून मोजलं, डोळे मिटूनच टोपी लावली आणि तसेच पाठ फिरवून आत गेले. तिला मातीत उतरवल्यावर, दुसऱ्या दिवशी, लाल दिव्यात त्यांनी प्लेट धुतली.

“सगळं चोख व्हतं,” अप्पा म्हणाले. “तोंड, उदबत्ती, केळीचं पान. नुसती छाती हललेली. म्या तिला हलायचं न्हाय म्हणलं, आन ती हलली.”

पुढं कधीतरी साथीच्या दिवसांत गावात आलेला एक डॉक्टर गप्पांच्या ओघात बोलून गेला, की मण्यारीच्या विषानं माणूस मेल्यासारखा दिसतो, पापणी हलत नाही, पण आत सगळं ऐकू येत असतं. त्या दिवसापासून अप्पांची ती बोटं सुरू झाली. त्यांना एकच आधार होता, तो भिंगातला फुगा. फुगा छातीच्या जागी आला असेल, त्यानं तेवढंच पुसट केलं असेल. चाळीस वर्षं त्यांनी हे कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं तर उत्तर मिळालं असतं. आता छाती उघडायची वेळ आली आणि विचारल्याशिवाय इलाज राहिला नाही. त्यांना मरणाची भीती नव्हती. आपण मेलो नसताना लोक आपल्याला मेला म्हणतील, आणि आपण बसलेले, अंधारात, माती खांद्यापर्यंत येताना ऐकत राहू, याची त्यांना भीती होती. आणि ही शिक्षा आपल्याला बरोबर आहे, असंही त्यांना वाटत होतं.

शिवप्रियानं ती काच मोबाइलच्या पांढऱ्या उजेडावर धरली. आईचा चेहरा, निगेटिव्हवर पांढऱ्याचं काळं झालेला. मिटलेल्या पापण्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगाभोवती लपेटलेली शाल, तिच्यावर झेंडूचा जाड हार. केळीच्या पानाची शीरन् शीर मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. आणि हाराच्या खाली, छातीवर, फुलं दुहेरी झालेली, शालीची घडी पुसली गेलेली. कॅमेरा हलला असता तर सगळंच हललं असतं. वारा असता तर केळीचं पान आधी हललं असतं. दुसरं काही सुचत नव्हतं. ते हलणं संथ होतं, वरखाली, आतून येणारं.

ती दरवर्षी रामलिंगच्या देवळाच्या रस्त्याला असलेल्या शेतात आईच्या समाधीवर नारळ ठेवायची. आता ती जागा तिच्या डोळ्यांपुढं आली आणि तिच्या मानेवर काटा उभा राहिला. मातीखाली बसलेली बाई, तेवीस वर्षांची, आणि वरून घागरीनं पाणी घालणारे लोक. ती परसात गेली आणि चिंचेच्या बुंध्याला धरून उभी राहिली. तिला भिंगाचा राग आला. ते जरा वाईट असतं तर काय बिघडलं असतं?

दुपारी तिनं पुन्हा कॅमेरा मांडला. अप्पांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की ज्या कोपऱ्यात प्रेमाला बसवली तिथंच खुर्ची ठेवायची, तसाच हार घालायचा आणि फुगा खाली येईल असंच भिंग बसवायचं. उमादेवीला वाटलं बापलेकीचं फोटोचं काहीतरी चाललंय. तिनं देवाला आणलेला हार काढून दिला आणि ती स्वयंपाकघरात गेली. शिवप्रियानं टोपी काढली, मोजलं, टोपी लावली. रिकाम्या खुर्चीवरचा तो हार बघून अप्पा उभ्याउभ्या घामेजले. न्हाणीत फिल्म धुताना शिवप्रिया रामलिंगाला हात जोडत होती, की देवा, एवढा एक फोटो बिघडव. चांगल्या फोटोसाठी तिनं देवाला कधी त्रास दिला नव्हता.

हार चोख आला. पाकळीन् पाकळी सुटी, जिथं फुगा यायचा तिथंसुद्धा.

खोटं बोलणं सोपं होतं. फुग्यामुळंच झालं, अप्पा, एवढंच म्हणायचं होतं. ती तोंड धुऊन बाहेर आली, तोंड उघडलंही, पण अप्पांनी हात पुढं केला. आधी फिल्म बघू दे, म्हणाले. फोटोवाल्याला कोण फसवणार. त्यांनी फिल्म खिडकीकडं धरून बघितली, घडी घालावी तसे डोळे मिटले आणि तिला परत दिली. पुन्हा ते भिंतीकडं वळले नाहीत, तिथंच खाली बसले. बसताना त्यांनी हात मांडीवर ठेवले, डावा तळहात वर करून.

ते बघून शिवप्रियाला त्या घरात उभं राहवेना आणि अप्पांना सोडून जाताही येईना. काहीतरी करायला हवं, म्हणून तिनं ती काच पुन्हा घेतली आणि खिडकीपाशी बसून आपल्या कामाच्या रीतीनं बघायला लागली. संग्रहालयात एक शिस्त लावलेली असते. जे डोळ्यांत भरतं ते शेवटी बघायचं. कोपऱ्यापासून सुरुवात करायची, बोट बोट पुढं सरकायचं, आणि जिथं काही नाही असं वाटतं तिथं जास्त थांबायचं. सकाळपासून ती नुसती छाती बघत होती. भीतीनं तिला एवढी साधी गोष्ट विसरायला लावली होती.

डावा कोपरा. समईची वात. पाटाची कड, तिच्यावर विभूतीचं बोट पुसल्याची खूण. शालीची किनार. किनारीखालून बाहेर आलेलं काहीतरी. तिनं डोळ्याला लावलेलं भिंग जरा मागं घेतलं, परत टेकवलं. मग मोबाइलनं तेवढ्याच भागाचा फोटो घेतला आणि काळ्याचं पांढरं केलं.

एक पाऊल होतं. तळहाताच्या निम्म्याएवढं, बोटं आत मुडपलेली, घोट्यावर चांदीचा वाळा. आईच्या मांडीच्या कडेला, शालीखालून चुकून बाहेर राहिलेलं, आणि इतकं स्पष्ट की अंगठ्याच्या नखावरचं काजळाचं बोटसुद्धा दिसत होतं.

शिवप्रियानं आता आईचे खांदे बघितले. खांदे स्थिर होते. गळ्यातल्या मण्यांची कड स्थिर होती, नाकातली चमकी स्थिर होती. माणूस श्वास घेतो तेव्हा गळ्यातला मणी हलतोच. हललं होतं ते शालीच्या आत, हाराच्या खाली, डाव्या अंगाला. आई मेलेलीच होती, हे कळून तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली.

ती मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेली. उमादेवी धपाटे थापत होती. तिनं पिठाचे हात लांब धरून चष्म्यातून बघितलं आणि तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला. तिनं तवा खाली उतरवला, दाराकडं बघितलं आणि हळू आवाजात बोलायला लागली.

लेकराला शेजारी नेऊन ठेव, मढ्याजवळ थांबू देऊ नको, असं सगळ्यांनी बजावलं होतं. उमादेवीनं नेलं. पण पोर दूध मागून मागून निळी पडायला लागली, शेजारीण घेऊन परत आली. अय्या घाई करत होते, भाऊ प्लेट भरायला आत गेला होता. पोरीनं आईला बघितलं आणि अशी चिकटली की सुटेना. उमादेवीनं तिला मांडीवर, आईच्या छातीशी सरकवून वरून शाल ओढली, हार सारखा केला. शालीत शिरल्याबरोबर पोर झोपली.

“फोटू झाला की म्या तुला काढलं,” उमादेवी म्हणाली. “त्यांनी मागं बघितलंच न्हाय. मढ्याच्या मांडीवर लेकरू दिलं, त्यात म्या अशी रांडमुंड बाई, तुला काय झालं असतं तर लोकांनी माज्या नावानं खडे फोडले असते. वरीसभर तू शिंकलीस तरी माजा जीव जायचा. कुणाला सांगू मी?”

शिवप्रियानं विचारलं, अप्पांनाही नाही? उमादेवीला प्रश्नच कळला नाही. त्यांनी कधी विचारलं नव्हतं. फोटो कसा आला हे त्यांनी दाखवलं नव्हतं. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खात, दोघं भावंडं आपापली भीती सांभाळत बसली होती. शिवप्रियाला दोघांचाही राग आला आणि दोघांना जवळ घ्यावंसंही वाटलं. तिनं आत्याचा पिठाळ हात धरला आणि तिला बाहेर आणलं.

अप्पा तिथंच बसले होते. शिवप्रियानं काच खिडकीच्या उजेडात धरली, डोळ्याला लावायचं भिंग त्यांच्या हातात दिलं आणि कुठं बघायचं ते बोटानं दाखवलं. अप्पांना दिसायला वेळ लागला. मग दिसलं. त्यांनी भिंग काढून पुसलं, परत लावलं. उमादेवी पदर तोंडाला लावून सगळं बोलली, पहिल्यापासून. अप्पा तिच्याकडं बघत नव्हते. ते त्या पावलाकडं बघत होते, आणि त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळून काचेवर पडलं तेव्हा त्यांनी ते धोतराच्या सोग्यानं अलगद टिपलं, प्लेट ओली राहू नये म्हणून.

मग त्यांनी काच बाजूला ठेवली आणि शिवप्रियाला जवळ बस म्हणून खुणावलं. ती बसली. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं तिच्या नाकापुढं धरली. तिला या वेळी भीती वाटली नाही. तिनं श्वास घेतला, सोडला, परत घेतला, आणि अप्पा बोटांवर तो लागू देत राहिले.

“म्या हलायचं न्हाय म्हणलं व्हतं,” ते म्हणाले.

“व्हय अप्पा,” शिवप्रिया म्हणाली. “मी हलले.”

अप्पांनी मान हलवली. बोटं खाली घेतली, तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि त्याची दोन बोटं एकत्र जुळवून दिली, जशी लहान पोराला लेखणी धरायला शिकवावी.

“सोलापूरला कळव,” ते म्हणाले. “आन भूल उतरंस्तवर ही माज्या नाकापुढं तू धरायची. दुसऱ्या कुणाला धरू द्यायची न्हाय.”